रिकाम्या खोलीची पाहणी

प्रतिष्ठानाचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा चिटणीस दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात धावले. पुढे ते जिन्यातही धावले, त्यामुळे ही गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत आहे, आणि आपल्याला ती लपवून ठेवायचं काही कारण नाही.

"अगं, निवडलं! आपल्याला निवडलं! शनिवारी पाहणीला येतायत!"

"कोण येतंय?" बायकोने कढईवरून मान न वळवता विचारलं.

"प्रतिष्ठान!"

"मग आधी तोंड धुवा. प्रतिष्ठान काही आत्ता दारात उभं नाही."

पण चिटणीस तोवर तिसऱ्या मजल्यावर इंजिनिअरच्या दाराशी पोचले होते. तिथे त्यांनी बेल वाजवली, निरोप वाचून दाखवला आणि इंजिनिअरच्या नव्या शर्टाला फेस लावून त्याला कडकडून मिठी मारली.

चिटणीस म्हणजे वीज कंपनीच्या बिल विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीत असताना त्यांच्याकडे लोक फक्त भांडायला यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी रुग्णसाहित्य मंडळ काढलं, आणि लोक त्यांच्याकडे हात जोडून यायला लागले. हा बदल त्यांना फारच मानवला. कोणाचं हाड मोडलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचे वडील अंथरुणाला खिळले, की मंडळाकडून कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, हवेची गादी, डोक्याकडची बाजू दांडा फिरवून वर करता येते तो हॉस्पिटलचा पलंग, जे लागेल ते न्यायचं, बरं वाटलं की पुसून परत आणून द्यायचं. पैसे नाहीत, अनामत नाही. चिटणीस हेच मंडळाचे अध्यक्षही होते, पण अध्यक्षाला कोणी काम सांगत नाही म्हणून त्यांना चिटणीस म्हणवून घेणं आवडायचं. खजिनदार त्यांची बायको. खजिना नव्हता, म्हणून तिच्याकडे रांग सांभाळायचं काम होतं. कोणाला काय हवंय आणि कोण कोणाच्या पुढे, हे सगळं खजिनदारबाईंच्या डोक्यात असायचं, आणि त्या डोक्यात कोणाचाही वशिला चालायचा नाही. तसा नियमच होता. नियम चिटणिसांनी केला होता: रांग म्हणजे रांग, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनासुद्धा सवलत नाही. हे वाक्य त्यांनी एका सभेत टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

ह्याच नियमाने मंडळाच्या मुळावर घाव घातला होता. इमारतीच्या चेअरमनच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. चेअरमनने येऊन सांगितलं, "एक चाकाची खुर्ची माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा." खजिनदारबाई म्हणाल्या, "नाव सांगा, रांगेत लावते." चेअरमन म्हणाले, "मी रांगेत?" खजिनदारबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही, आई." चेअरमन ताडकन निघून गेले, आणि इमारतीच्या पुढच्याच सभेत ठराव झाला की जिन्याखालची, जुन्या पंपाची खोली, जिथे मंडळाचं सगळं सामान असे, ती महिनाअखेर रिकामी करावी. तिथे चेअरमनची दुसरी गाडी उभी राहणार होती.

"त्या प्रतिष्ठानाचं अनुदान मिळालं तर घ्या कोपऱ्यावरचं दुकान भाड्याने," चेअरमन म्हणाले. "नाही मिळालं तर सगळं भंगारवाल्याला द्या. माणूस मी आणून देतो."

तेव्हा हे अनुदान मिळणं म्हणजे काय होतं, ते लक्षात आलं असेल. मिळालं तर दुकान आणि नवं सामान. नाही मिळालं तर मंडळाचा बाजार उठला, आणि चिटणीस पुन्हा घरात, बायकोच्या पायात पायात.

अर्ज भरणं हा एक वेगळाच छळ होता. प्रतिष्ठानाची वेबसाइट एक पान भरून होत आलं की दमून झोपी जायची आणि उठल्यावर काहीच आठवत नाही म्हणायची. शिवाय तिचे प्रश्न! "आपल्या कार्याचा दृश्य परिणाम लिहा." चिटणिसांनी लिहिलं, "लोक बरे होतात."

"एवढंच?" इंजिनिअर म्हणाला.

"अजून काय व्हायला हवं?"

इंजिनिअरने मग त्यात सक्षमीकरण, सर्वसमावेशकता वगैरे घालून ते उत्तर एवढं फुगवलं की त्यातून लोक बरे होतात की नाही तेच कळेना. पुढचा प्रश्न होता, "आपल्यानंतर संस्थेचं काय?" हा चिटणिसांनी मनाला लावून घेतला. दिवसभर ते मोबाइल हातात धरून बसले. शेवटी खजिनदारबाईंनीच मोबाइल ओढून घेतला आणि उत्तर टाकलं: "यांच्यानंतर मी आहे." वेबसाइटने ते विनातक्रार घेतलं.

असो. तर आता प्राथमिक निवड झाली होती आणि शनिवारी सकाळी प्रतिष्ठानाच्या मॅडम "संस्थेच्या साहित्याची प्रत्यक्ष पाहणी" करायला येणार होत्या. इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी सांगितलं, पाहुण्यांना ऊन लागेल अशा खुर्चीत बसवा, म्हणजे पाहणी लवकर उरकते. ब्यूटीपार्लरवाल्या ताई म्हणाल्या, काका, तुम्ही केस काळे करा, संस्था तरुण वाटली पाहिजे. इंजिनिअर म्हणाला, फलक हवा. चिटणिसांना सगळेच सल्ले पटले. त्यांनी फलक रंगवून घेतला, केस काळे केले, आणि शुक्रवारी सकाळी झाडू, फडकं आणि किल्ली घेऊन, शीळ घालत, खोली आवरायला खाली उतरले.

दार उघडलं आणि शीळ ओठांतच राहिली.

खोलीत एक बेडपॅन होतं. कोपऱ्यात रबर निघालेली एक काठी होती. बाकी काही नव्हतं. कुबड्या, वॉकर, खुर्च्या, गाद्या, पलंग, सगळं लोकांच्या घरी गेलेलं. चिटणिसांनी दाराच्या मागेही बघितलं. तिथे झाडू होता, तोही इमारतीचा.

"अगं, मेलो!" ते वर येऊन म्हणाले. "उद्या पाहणी आहे आणि खोलीत बघायला काही नाही!"

"मग सांगा त्यांना. सगळं लोक वापरतायत."

"रिकामी खोली दाखवून कोणी अनुदान देतं का? ते म्हणतील, ह्या माणसाकडे एक बेडपॅन आहे आणि हा संस्था चालवतो!"

"अहो, पण सामान वापरायलाच आहे ना?"

खजिनदारबाईंचं हे वाक्य चिटणिसांनी ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण चिटणिसांच्या डोक्यात तोवर योजना शिरली होती, आणि योजना शिरली की त्यांच्या कानांचं काम बंद पडतं. योजना साधी होती. सगळं सामान शनिवारी सकाळी दोन तासांपुरतं परत आणायचं, ओळीने मांडायचं, मॅडमना दाखवायचं आणि लगेच ज्याचं त्याला पोचवायचं. ते पायांत चपला अडकवून निघालेसुद्धा.

पहिल्या दारीच योजनेचा पाय घसरला. हेडबाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, खुब्याचं हाड मोडल्यापासून मंडळाच्या वॉकरवर होत्या.

"बाई, वॉकर फक्त दोन तास द्या."

"आणि दोन तास मी काय करू? भिंतीला चिकटून उभी राहू?" हेडबाईंनी चष्म्यावरून बघितलं. चिटणिसांचे हात आपोआप घडी घालून छातीशी गेले. "अशी दिलेली वस्तू मागे मागतात का?"

"नाही बाई. पण अनुदान..."

"वॉकर येईल. पण मीही येईन त्याच्याबरोबर. असल्या पाहणीत काय विचारतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या शाळेत दरवर्षी यायचे."

चिटणीस थबकले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. अरे, माणसांसकट आणायचं! एवढं सोपं होतं! पुढच्या प्रत्येक दारी त्यांनी सामान मागितलंच नाही, सरळ आमंत्रण दिलं. आणि गंमत अशी की कोणी नाही म्हणेना. कुबड्यांवरचे शिंपीमामा प्लॅस्टर घातल्यापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचे सदरे कुठे चुकलेत ते बघत होते. ते म्हणाले, "आत्ता येऊ का?" चाकाच्या खुर्चीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई, हवेच्या गादीवरचे वकील, सगळ्यांना बाहेर पडायचं होतं. घरी बसून बसून सगळे विटले होते. वकिलांनी तर गादीखेरीज येणार नाही म्हणून अटच घातली. चिटणीस आनंदाने मान डोलवत गेले.

उरला पलंग. त्यावर ड्रायव्हरआजोबा होते. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती आणि आता कंबरेने दगा दिल्यामुळे डॉक्टरांनी उठायची बंदी केली होती. ह्यांना मात्र आणणं शक्य नव्हतं, म्हणून चिटणीस नुसते भेटायला गेले.

"उद्या काय आहे म्हणता?" आजोबांनी विचारलं. चिटणिसांनी सांगितलं.

"मग टेम्पो सांगा."

"आजोबा, तुम्हाला उठायचं नाही ना?"

"मी कुठे उठतोय? पलंग उचला. मी पलंगावर असेन."

त्यांच्या सुनेने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, सपाट झोपवून न्या, धक्का लागू देऊ नका, आणि हे काय चाललंय ते मला नंतर सविस्तर सांगा.

शनिवारी सकाळी इमारतीच्या आवारात जे जमलं ते बघायला समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. आधी हेडबाई आल्या, मग शिंपीमामा, मग डॉक्टरीणबाई, आणि त्या आल्या आल्या ज्याच्या त्याच्या तोंडात डोकावू लागल्या. वकील गादीसकट एका ढकलगाडीतून आले आणि गादीत हवा कमी आहे म्हणून तक्रार करत राहिले. कोणाचं ऑपरेशन किती अवघड होतं, कोणाच्या पायात किती स्क्रू आहेत, ह्यावरून चढाओढ लागली. खजिनदारबाई चहा देत फिरत होत्या. चिटणिसांचा ऊर भरून आला. असा मेळावा मंडळाने कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात टेम्पो आला. टेम्पोत मागे पलंग होता, पलंगावर ड्रायव्हरआजोबा आडवे होते, आणि आडव्यानेच ते पुढच्या ड्रायव्हरला हुकूम सोडत होते.

"हां, घे, घे! डावीकडे मार! आरशात बघ, आरसा भांग पाडायला दिलाय का? दुसरा टाक, दुसरा!"

टेम्पोवाल्याने घाम पुसत गाडी थांबवली. आजोबांचा चेहरा फुलला होता. सून खजिनदारबाईंच्या कानात म्हणाली, "काकू, किती महिन्यांनी ओरडले हो कोणावर!" आणि तिने डोळे पुसले.

आता पलंग उतरवायचा. इंजिनिअर आणि टेम्पोवाला डोक्याकडे, बँक मॅनेजर एका बाजूला, आणि पायाकडे स्वतः चिटणीस. "हळू! धक्का नाही लागला पाहिजे!" म्हणत चिटणीस उलटे चालू लागले. आजोबांना धक्का लागला नाही. पलंग खाली टेकला तेव्हा त्यांच्या पोटावरचा चहाचा कपसुद्धा हलला नव्हता. मात्र टेकवून मागे सरकताना चिटणिसांचा पाय त्यांच्याच नव्या फलकाच्या दोरीत अडकला, फलक खाली आला, चिटणीस फलकावर आले, आणि घोट्यातून असा आवाज झाला की डॉक्टरीणबाईंनी वकिलांच्या तोंडातून मान बाहेर काढली.

घोटा बघता बघता टम्म फुगला. बर्फ आला, पट्टी आली. हाड शाबूत होतं, पण पाय टेकवेना.

"कोणीतरी कुबड्या द्या मला!" चिटणीस कण्हत म्हणाले.

कोणी हललं नाही. सगळ्यांनी खजिनदारबाईंकडे बघितलं.

"कुबड्या सगळ्या गेलेल्या आहेत," खजिनदारबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं नाव घेते. नंबर सातवा."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून काय झालं? तो नळदुरुस्तीवाला कधीचा थांबलाय. पदाधिकाऱ्यांना सवलत नाही."

"हे कुठल्या गाढवाने ठरवलं?"

"तुम्हीच," हेडबाई म्हणाल्या. "टेबलावर हात आपटून. मी होते सभेला."

आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकातून मॅडम आत आल्या.

मॅडम एकट्याच होत्या. खांद्याला झोळी, पायात साध्या चपला, चेहऱ्यावर काही कळू न देणारं स्मित. चिटणीस काळे केलेले केस सावरत एका पायावर उठले. पाठ केलेलं भाषण उभ्याने करायचं होतं आणि धरायला काही नव्हतं. जवळ चेअरमनची नवी गाडी उभी होती. त्यांनी तिच्या दाराची मूठ धरली. "आदरणीय मॅडम," ते म्हणाले, आणि गाडीने बोंब ठोकली.

गाडी बोंबलत राहिली. चिटणीसही मागे हटले नाहीत. "आमच्या मंडळाचं ध्येय," ते ओरडले, "सक्षमीकरण!" त्यावर गाडी ओरडली. चेअरमन बनियनवर धावत आले, किल्ली वर विसरले म्हणून परत धावले, पुन्हा खाली आले आणि गाडी गप्प केली. तोवर भाषण संपलं होतं. त्यातलं मॅडमना फक्त शेवटचं "धन्यवाद" ऐकू आलं.

"बसा ना तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

बसायला जागा नव्हती. प्रत्येक खुर्चीत रुग्ण होता.

मग मॅडमनी एकेकाची विचारपूस केली. निदान तसं त्यांना करायचं होतं, पण हेडबाईंनी आधी त्यांचीच केली: शिक्षण किती, ह्या कामात केव्हापासून, एवढ्या लांबून पाहणीला येता तर घरी जेवण कोण करतं. मॅडमनी सगळी उत्तरं उभं राहून दिली. ड्रायव्हरआजोबांनी दांडा फिरवायला लावून डोकं वर करून घेतलं आणि सांगितलं, "बाई, ह्या पलंगामुळे माझ्या पाठीला जखमा झाल्या नाहीत. आणि आज मी गाडी आणली इथवर." टेम्पोवाल्याने मान हलवली.

चिटणिसांना वाटलं, जिंकलं! तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "रोज असे सगळे इथे जमतात?"

चिटणिसांनी तोंड उघडलं. "हो" म्हटलं असतं तर कोण खोडून काढणार होतं? पण समोर हेडबाई होत्या, शेजारी बायको होती, आणि आवारातल्या एवढ्या माणसांच्या नजरा त्यांच्यावर लागल्या होत्या. त्यांना खोटं बोलवेना.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "खरं सांगतो. खोलीत काही उरलं नव्हतं. सगळं ह्यांच्याकडे होतं. रिकामी खोली तुम्हाला दाखवायची लाज वाटली, म्हणून मी ह्या सगळ्यांना दोन तासांपुरतं गोळा केलं. ह्यांची चूक नाही. आजोबांना तर टेम्पोत घालून आणलं. ही माझीच हौस."

दाराशी उभ्या चेअरमनच्या चेहऱ्यावर भंगारवाल्याला फोन करायची घाई दिसायला लागली.

"खोली बघू," मॅडम म्हणाल्या.

चिटणीस लंगडी घालत पुढे झाले आणि त्यांनी दार उघडलं. बेडपॅन आपल्या जागी होतं. काठी आपल्या जागी होती. मॅडम बराच वेळ आत बघत राहिल्या. मग मागे वळून त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही एका पायावर का?"

"ह्यांचा पाय आत्ताच मुरगळला," खजिनदारबाई म्हणाल्या. "कुबड्या शिल्लक नाहीत. ह्यांचा नंबर सातवा आहे."

"तुम्ही ह्या संस्थेचे प्रमुख ना?"

"हो," चिटणीस म्हणाले, आणि तोल जाताच त्यांनी दाराची चौकट धरली. "पण नियम आहे."

मॅडमनी मोबाइल काढून त्यांचा एक फोटो घेतला. एका पायावर, काळे केस, मागे रिकामी खोली. मग चहा घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि कळवतो म्हणून निघून गेल्या.

कळेपर्यंतचे दिवस चिटणिसांनी पाय उशीवर ठेवून काढले. इमारतीत येणारा जाणारा सांत्वन करून जायचा, बँक मॅनेजर म्हणायचे, तरी मी उन्हात बसवा म्हटलं होतं. पाय हळूहळू बरा झाला, मन झालं नाही. आणि एक दिवस ते पुन्हा दाढी करत असताना मोबाइल वाजला.

ह्या वेळी फेस दोन्ही गालांवर होता.

"मिळालं!" ते ओरडले. "अगं, मिळालं! दुकान, पलंग, खुर्च्या, सगळं!"

खजिनदारबाई कढई तशीच सोडून आल्या आणि फेसाची पर्वा न करता त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात हात टाकले. मग मोबाइल घेऊन मोठ्याने वाचलं. मॅडमनी लिहिलं होतं की भरलेल्या खोल्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या, पण साहित्य किती कमी पडतंय ते त्यांना एका पायावर उभ्या असलेल्या चिटणिसांना पाहून कळलं.

"म्हणजे मंडळाच्या कामामुळे नाही," चिटणीस थोडे दुखावून म्हणाले. "पायामुळे."

"कशामुळे का असेना," खजिनदारबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

कोपऱ्यावरच्या दुकानात नव्या कुबड्यांचा गठ्ठा सोडला त्या सकाळी सगळे हजर होते. हेडबाई आता नुसत्या काठीवर होत्या. ड्रायव्हरआजोबा घरच्या पलंगावरून सुनेच्या फोनवर हुकूम देत होते. खजिनदारबाई एकेक नाव घेत होत्या. नळदुरुस्तीवाला आला, कुबड्या घेऊन गेला. मग त्यांनी आवाज चढवून पुकारलं, "सातवा नंबर! चिटणीस!"

पाय केव्हाच बरा झाला होता. पण चिटणीस पुढे झाले, त्यांनी दोन्ही हातांनी कुबड्या घेतल्या, काखेत धरल्या आणि टाळ्यांच्या कडकडाटात, ऐटीत लंगडत, दुकानाची एक चक्कर मारली. जन्मात एवढी मौज त्यांनी केली नव्हती. मग त्या पुसून परत केल्या.

"आठवा नंबर," खजिनदारबाई म्हणाल्या. "चाकाची खुर्ची."

रांगेतून चेअरमन पुढे आले. मान खाली होती.

"आईसाठी," ते म्हणाले.

चिटणिसांनी खुर्चीचं चाक फिरवून बघितलं, ब्रेक तपासला, नव्या फडक्याने सीट पुसली आणि म्हणाले, "चला, मीच ढकलत आणतो. उतारावर जरा सांभाळावं लागतं."

दोघे खुर्ची घेऊन रस्त्याने निघाले, आणि इमारतीच्या फाटकापाशी चेअरमनने धावत पुढे जाऊन आपली गाडी वाटेतून काढली.